परीक्षेचे नियम आणि वशिल्याची वाट

सातारच्या जिल्हा न्यायाधीशाच्या जागेवरून इ. स. १८९७ मध्यें एक बंगाली गृहस्थ निवृत्त झाले. त्यांचें नांव सत्येंद्रनाथ टागोर. कविवर्य रवींद्रनाथांचे हे वडील बंधु. इ. स. १८६३ मध्यें विलायतेस जाऊन इंडियन सिव्हिल सर्व्हिसची खुली परीक्षा उतरणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यांत गेली, आणि मराठी त्यांना इतकी अवगत झाली कीं तुकोबांचे अभंग त्यांनीं बंगालींत उतरविले. कलकत्त्याच्या तरुणास सातारच्या न्यायासनावर आणून बसविणारी वस्तु म्हणजे छापील नियमांची एक परीक्षा. तिच्यांत तो कोणाचा मुलगा, कोणाचा जांवई, हें विचारलें जात नसे. निदान तसा तिचा दावा होता.

परंतु त्याच जिल्ह्यांत, त्याच काळीं, मामलेदारीच्या जागेपर्यंत पोंचूं पाहणारा मराठी कारकून कोणत्या वाटेनें चढत होता, हें पाहूं गेल्यास निराळेंच चित्र दिसतें. एकीकडे नियम आणि दुसरीकडे मर्जी, अशा दोन दारांनीं एकाच सरकारच्या नोकरींत माणसें शिरत होतीं. या दोन दारांचा इतिहास आज सांगण्याचें कारण असें कीं, परीक्षेच्या नियमांस रुक्ष, अडवणुकीचे आणि बारीकसारीक म्हणून नांवें ठेवण्याची आपणां सर्वांस संवय आहे. त्या प्रत्येक नियमामागें कोणाची तरी तक्रार उभी असते, ती मात्र आपण विसरतों.

प्रथम जुनी पद्धति पाहूं. 'उमेदवार' हा शब्दच तिची साक्ष देतो. आज परीक्षेस बसणाऱ्यास व निवडणुकीस उभें राहणाऱ्यास आपण उमेदवार म्हणतों. परंतु कचेरींत हा शब्द रुळला तो दुसऱ्या अर्थानें. कारकुनाच्या बैठकीपाशीं बिनपगारी बसून नकला करणारा, पडेल तें काम उरकणारा आणि एखादी जागा रिकामी होईल अशी उमेद धरून वर्षानुवर्षें तिष्ठणारा तरुण, तो उमेदवार. त्याला बसावयास जागा मिळे तीहि बहुधा चुलत्याच्या किंवा मामाच्या ओळखीनें. या पद्धतींत गुण नव्हते असें नाहीं. मोडी अक्षर, जमाखर्च, दप्तराची शिस्त, रयतेशीं बोलण्याची रीत हें सारें उमेदवार कामावरच शिके, आणि पुष्कळदां चांगलें शिके. इ. स. १८१८ नंतर प्रतापसिंह महाराजांच्या नांवानें ग्रँट डफ यानें सातारच्या राज्याची घडी बसविली आणि १८२२ त कारभार महाराजांच्या हातीं दिला. तेव्हां अशाच जुन्या वळणाच्या कारकुनांवांचून त्याचें पान हालणें शक्य नव्हतें. १८४८ त राज्य खालसा झालें, तरी दप्तर लिहिणारे हात त्याच वळणाचे राहिले. दोष होता तो एकच, परंतु मोठा. ज्याचा मामा कचेरींत नव्हता, त्याला तें दार नव्हतेंच.

इंग्रजांची स्थिति याहून फार निराळी होती असें कोणी समजूं नये. कंपनीच्या सनदी नोकरींत येणारा तरुण हेलीबरीच्या कॉलेजांत शिकून येई. पण त्या कॉलेजांत प्रवेश मिळे तो कंपनीच्या एखाद्या डायरेक्टरानें नांव सुचविल्यावर. म्हणजे लंडनचा डायरेक्टर आणि सातारचा शिरस्तेदार एकाच धर्माचे अनुयायी होते. इ. स. १८५३ च्या सनदेच्या कायद्यानें डायरेक्टरांचा हा हक्क काढून घेतला. १८५४ त मेकॉले यांच्या समितीनें खुल्या परीक्षेची योजना मांडली, आणि १८५५ त पहिली परीक्षा झाली. वशिल्याची वाट कायद्यानें बंद करून तिच्या जागीं गुणांची यादी ठेवण्याचा हिंदुस्थानच्या कारभारांतील हा पहिला मोठा प्रयोग होय.

आतां या प्रयोगांतील खुबी अशी कीं, दार उघडें ठेवूनहि उंबरठा हवा तितका उंच करतां येतो. परीक्षा लंडनासच होई. तेथें जावयाचें म्हणजे समुद्र ओलांडावयाचा, जातीचा रोष पत्करावयाचा, आणि उत्तीर्ण होण्याची खात्री नसतां सारा खर्च आधीं करावयाचा. गुणांची वांटणी पाहिली तर लॅटिन व ग्रीक यांना प्रत्येकीं साडेसातशें गुण होते. संस्कृत व अरबी यांना पांचशें. सत्येंद्रनाथ उत्तीर्ण झाल्यानंतर लवकरच हे पांचशें तीनशें पंचाहत्तरांवर आणले गेले. नियम करणाऱ्यांच्या मनांत काय होतें याचा निवाडा आम्ही करीत नाहीं; परंतु त्याचा परिणाम कोणावर होणार, हें कळण्यास गणित फार लागत नव्हतें.

वयाच्या नियमाची कथा याहून बोधप्रद आहे. इ. स. १८६९ त चार हिंदी तरुण ही परीक्षा उतरले. बंगालचे सुरेंद्रनाथ बानर्जी, रमेशचंद्र दत्त व बिहारीलाल गुप्त, आणि मुंबईकडील श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकीं सुरेंद्रनाथ व ठाकूर यांचीं नांवें वयाच्या मुद्द्यावर काढून टाकण्यांत आलीं. सुरेंद्रनाथांनीं १८६३ त प्रवेशपरीक्षेच्या वेळीं आपलें वय सोळा लिहिलें होतें. आपल्याकडे वय सांगतांना चालू वर्ष धरण्याची रीत आहे. सोळावें लागलें कीं मुलगा सोळा वर्षांचा. साहेबांच्या हिशेबीं मात्र सोळा म्हणजे सोळा पुरीं. या एका वर्षाच्या फरकानें सुरेंद्रनाथ एकवीस वर्षांच्या मर्यादेबाहेर गेले असें परीक्षकमंडळानें ठरविलें. ते विलायतेच्या क्वीन्स बेंच न्यायालयांत गेले. तेव्हां मंडळास माघार घ्यावी लागली आणि त्या निकालाचा लाभ ठाकुरांसहि झाला. आजहि प्रत्येक अर्जांत जन्मतारखेचा दाखला आणि 'अमुक तारखेस पूर्ण झालेलें वय' असे शब्द असतात. अर्ज भरणारा त्यांवर वैतागतो. परंतु वय कोणत्या तारखेस आणि कोणत्या रीतीनें मोजावयाचें, हें आधींच छापून ठेवलेलें असतें तर या दोन तरुणांना न्यायालयाचा उंबरठा झिजवावा लागला नसता.

पुढें १८७६ त ही मर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणण्याचें ठरलें. एकोणीस वर्षांच्या आंत आपल्याकडील मुलानें परकी भाषेंत विद्या संपादून, समुद्रपार जाऊन, तेथल्याच मुलांशीं झुंज द्यावी, ही अपेक्षा होती. एक अंक बदलल्यानें दार जवळजवळ लागलें. याच सुमारास, १८७९ त, लॉर्ड लिटन यांनीं दुसरी एक योजना काढली. चांगल्या घराण्यांतील हिंदी तरुणांस परीक्षेवांचून, निवडीनें घ्यावयाचें. वरून ही मोठी मेहेरबानी दिसे. परंतु घराणें पाहून नेमणूक करावयाची म्हणजे मेकॉलेनें मोडलेली जुनी वाटच पुन्हां खुली करावयाची. ही योजना टिकली नाहीं. १८८६-८७ च्या आयचिसन कमिशननंतर ती गुंडाळली गेली, आणि वयाची मर्यादाहि तेवीसपर्यंत वाढली.

असो. हें झालें वरच्या दाराचें. खालच्या दारांत काय चाललें होतें, तें १८८८ त उघडकीस आलें. त्या काळीं मुंबई इलाख्याच्या मध्यभागांत पुणें, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक व खानदेश हे जिल्हे येत. आजच्या सांगली जिल्ह्यांतील वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके तेव्हां सातारा जिल्ह्यांतच होते; सांगली व मिरज पटवर्धनांच्या संस्थानांत. या मध्यभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे होते. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून गाजलेले, हुशार, कर्तबगार, आणि तितकेच कर्जबाजारी. मुंबईची जी मंडई पुढें महात्मा फुल्यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली, तिला पूर्वीं त्यांचेंच नांव होतें. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांसाठीं ते मध्यस्थांमार्फत पैसे घेतात, असा त्यांच्यावर आरोप आला. त्यांचा हस्तक म्हणून हणमंतराव जहागीरदार यांच्यावर आधीं खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. आणि खुद्द क्रॉफर्ड यांची चौकशी करण्यास कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ति विल्सन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें गेलें, तें पुण्यास बसलें.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मामलेदारीसाठीं परीक्षा नव्हत्या असें मुळींच नाहीं. खात्याच्या परीक्षा होत्या. 'लोअर स्टँडर्ड' आणि 'हायर स्टँडर्ड' हीं नांवें महसुलाच्या कचेऱ्यांतून घरोघर माहीत होतीं. कायदा, हिशेब, जमीनमहसूल यांचे पेपर देऊन माणूस पात्र ठरे. परंतु पात्र ठरणें निराळें आणि नेमला जाणें निराळें. पात्र माणसांतून कोणाला आधीं घ्यावयाचें, कोणाला हंगामी काम द्यावयाचें, कोणाला सोयीचा तालुका आणि कोणाला आडबाजूचा, हें सारें एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतें. परीक्षेचा नियम जेथें संपत होता, बरोबर तेथून लांचेचा बाजार सुरू होत होता. मोडकळीस आलेल्या भिंतीवर कोणी चढत नाहीं. चोर येतो तो उघड्या खिडकींतून. क्रॉफर्ड प्रकरणाचा खरा धडा आमच्या मतें हाच.

या प्रकरणांत साक्षी देणारे मामलेदार स्वतः पैसे दिल्याचें कबूल करणारे होते. त्यांना अभयवचन दिल्यावांचून कोणी तोंड उघडण्यास तयार नव्हता, म्हणून लॉर्ड रे यांच्या सरकारनें तें दिलें. कमिशननें लांचेचे आरोप सिद्ध मानले नाहींत. परंतु हाताखालच्या माणसांकडून व इतरांकडून कर्ज काढल्याबद्दल क्रॉफर्ड यांना नोकरींतून जावें लागलें. मग प्रश्न उरला मामलेदारांचा. ज्यानें पैसे देऊन खुर्ची मिळविली असें स्वतःच्या तोंडानें सांगितलें, त्यानें त्या खुर्चीवर बसून दुसऱ्यांचा न्याय करावा काय, असें पार्लमेंटापर्यंत विचारलें गेलें. उलट, सरकारनें दिलेलें वचन मोडलें तर पुढें अन्यायाविरुद्ध साक्ष देण्यास कोण धजेल, असा सवाल टिळकांनीं केला, आणि मामलेदारांच्या बाजूनें १८८९ त पुण्यास सभा भरविली. साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षीं झाला. तरीहि कित्येकांना जागा सोडाव्या लागल्या.

या दोन बाजूंपैकीं एकीस सर्वस्वीं खोटें ठरविणें आम्हांस कठीण वाटतें. पैसे देणारा दोषी होताच. परंतु परीक्षा उतरलेल्या, घरदार असलेल्या माणसाला आपला हक्काचा नंबर विकत घ्यावा लागावा, आणि न घेतल्यास दुसरा तो घेऊन पुढें जावा, अशी व्यवस्था ज्यांनीं चालूं दिली त्यांचा दोष कोणत्या कमिशननें मोजला? सातारा, सोलापूर, नाशिक येथल्या कचेऱ्यांत त्या काळीं कोणी न्यायानेंहि वर चढला असेल. पण त्याच्याकडे लोक कोणत्या नजरेनें पाहूं लागले असतील, हें सहज ताडतां येतें. वशिल्याचा सर्वांत मोठा बळी तोच. त्याचें प्रामाणिक यशहि संशयास्पद होतें.

दुसरी एक उणीव मात्र अशी होती कीं ती कितीहि चोख नियमांनीं भरून येणारी नव्हती. ती दाखविली जोतिराव फुल्यांनीं. त्यांच्या घराण्याचें मूळ गांव कटगुण, सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांत. १८८२ त हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शिक्षणाकडे सरकारनें केलेल्या दुर्लक्षावर बोट ठेवलें, आणि रयतेच्या करांतून वरच्या वर्गांचें शिक्षण होऊन सरकारी जागा त्यांच्याच हातीं जातात हें दाखवून दिलें. शाळाच ज्याच्या गांवीं पोंचली नाहीं, त्याला परीक्षेचे नियम कितीहि समान असले तरी काय होय? या प्रश्नास शेजारच्या कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं २६ जुलै १९०२ च्या हुकुमानें उत्तर दिलें. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या. आणि सातारा जिल्ह्यांत भाऊराव पाटलांनीं निराळ्या बाजूनें दिलें. १९१९ त कऱ्हाडजवळील काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ त ती साताऱ्यास आली. एकाच वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें ठेवून, त्यांच्या हातून श्रम करवून, त्यांनीं खेड्यांतील मुलांना परीक्षेच्या दारापर्यंत पायीं चालवीत नेलें. एकानें दारांत जागा राखली, दुसऱ्यानें दारापर्यंत रस्ता बांधला. आणि नियम दोघांनाहि लागले.

वरच्या परीक्षेचा प्रश्न मात्र रेंगाळतच होता. ती विलायतेंत व हिंदुस्थानांत एकाच वेळीं व्हावी असा ठराव कॉमन्स सभेनें २ जून १८९३ रोजीं केला. तो कागदावरच राहिला. १९१२ त नेमलेल्या इस्लिंग्टन कमिशनवर नामदार गोखले सभासद होते, पण अहवाल बाहेर येण्यापूर्वींच, १९१५ त, ते निवर्तले. अखेर १९२२ त अलाहाबादेस हिंदुस्थानांतील पहिली परीक्षा झाली. १९२६ त नोकरभरतीसाठीं स्वतंत्र कमिशन आलें, आणि १९३५ च्या कायद्याप्रमाणें १९३७ त मुंबई व सिंध या प्रांतांस मिळून एक कमिशन मिळालें. नेमणूक करणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, ही वांटणी येथें प्रथमच आपल्या प्रांतांत आली. क्रॉफर्ड प्रकरणास तोंवर जवळजवळ पन्नास वर्षें होऊन गेलीं होतीं.

सांगली संस्थान मार्च १९४८ मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढच्याच वर्षीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्यास १९६० त सांगली हें नांव मिळालें. म्हणजे दरबारच्या मर्जीनें नेमलेले आणि प्रांताच्या नियमांनीं नेमलेले, असे दोन प्रकारचे नोकर आतां एकाच छपराखालीं आले, आणि सर्वांनाच एक नियमावली लागू झाली. १९५० च्या राज्यघटनेनें लोकसेवा आयोगांस कायमचें स्थान दिलें. ३२० व्या कलमांत परीक्षा घेणें हें आयोगाचें कर्तव्य सांगितलें आहेच; शिवाय नेमणुका, बढत्या आणि एका सेवेंतून दुसऱ्या सेवेंत बदली यांच्या तत्त्वांविषयीं आयोगाचा सल्ला घ्यावा असेंहि म्हटलें आहे. बढती आणि बदली हे दोन शब्द तेथें पाहिले कीं आम्हांस पुण्यास बसलेल्या त्या कमिशनची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. आयोगाच्या अध्यक्षास व सभासदांस सहजासहजीं काढतां येऊं नये, आणि निवृत्तीनंतर सरकारी जागेच्या आशेनें त्यांनीं कोणाची मर्जी सांभाळूं नये, याचीहि तजवीज शेजारच्या कलमांत केली आहे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्याबरोबर त्याचा स्वतंत्र आयोग अस्तित्वांत आला. यशवंतराव चव्हाण त्या वेळीं मुख्यमंत्री होते. त्यांचा जन्म देवराष्ट्रें येथला, जें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें व आतां सांगलींत आहे.

खात्याच्या परीक्षांची परंपराहि तुटलेली नाहीं. महसूल खात्यांतील कारकुनास दुय्यम सेवा परीक्षा द्यावी लागते. पुढें, ज्यास पिढ्यान्‌पिढ्या अव्वल कारकून म्हणत आले त्या जागेवर चढण्यासाठीं महसूल अर्हता परीक्षा असते. ठरलेल्या मुदतींत व ठरलेल्या संधींत ती न उतरल्यास सेवाज्येष्ठता गमवावी लागते. दिवसभर सातबारा आणि पंचनामे यांत बुडालेल्या माणसानें रात्रीं पुस्तक घेऊन बसावें, ही कटकट खरी. परंतु मुदत आणि संधि या दोन शब्दांनीं त्याचा नंबर साहेबाच्या खिशांतून काढून कागदावर आणला आहे.

तथापि नियम झाले म्हणून काम संपलें, असें मात्र नव्हे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचें आयोगानें २०२२ त जाहीर केलें, तेव्हां जुन्या पद्धतीनें वर्षानुवर्षें तयारी केलेले तरुण फेब्रुवारी २०२३ मध्यें पुण्याच्या रस्त्यावर बसले. आयोगानें नवी पद्धति २०२५ वर नेली. पद्धति बरी कीं वाईट हा प्रश्न वेगळा. खेळ सुरू झाल्यावर पट बदलूं नये, हें त्यांचें म्हणणें सुरेंद्रनाथ व ठाकूर यांच्या तक्रारीशीं नातें सांगणारें होतें. प्रश्नपत्रिका फोडणाऱ्यांसाठीं मध्यवर्ती सरकारला २०२४ त स्वतंत्र कायदा करावा लागला; त्यांत तीन ते पांच वर्षांची, आणि संघटित गुन्ह्यास पांच ते दहा वर्षांची कैद आहे. फुटलेली प्रश्नपत्रिका म्हणजे जुन्या लांचेचें नवें रूप. तिच्यानें होणारी हानिहि तीच. न्यायानें उतरलेल्याच्या यशावर डाग पडतो.

आज साताऱ्यांत, सांगलींत, विट्यांत, कऱ्हाडांत अभ्यासिकांतून हजारों मुलेंमुली पुस्तकांवर वांकून बसलेलीं दिसतात. त्यांच्यापैकीं बहुतेकांना जागा मिळणार नाहीं. जागा थोड्या आणि बसणारीं पुष्कळ. हें दुःख परीक्षेचे नियम कितीहि चांगले केले तरी नाहींसें होणार नाहीं, आणि होईल असें सांगणें ही फसवणूक होय. त्या मुलांचें मागणें मात्र फार थोडें आहे. आपण हरलों तर ज्याचे गुण अधिक त्याच्याकडून हरलों, ज्याचा मामा अधिक त्याच्याकडून नव्हे, एवढी खात्री त्यांना हवी असते. ही खात्री देणें सरकारच्या हातीं आहे, आणि तिला कोणत्याहि अर्थसंकल्पांत फारसा खर्च येत नाहीं. वयाची तारीख, गुणांची वांटणी, नंबराची यादी, बढतीची मुदत हे सारे नियम याच खात्रीसाठीं झाले. पूर्वींच्या उमेदवारास मर्जीची उमेद धरून कचेरीच्या ओसरीवर बसावें लागे. आतांच्या उमेदवारास नियमाची उमेद धरतां यावी, एवढीच आमची इच्छा आहे.